काळ्या गरुडाचा बंदोबस्त

३ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून सूड. करागांडाच्या कोळशाच्या खाणीत उभी हयात जमिनीखाली काढली, मला पाण्याखाली कोण हरवणार? म्हणूनच मोबाइलवरच्या युद्धाच्या गेममध्ये महायुद्धातली पाणबुडी घेतली. समुद्र पाहिलेला नाही. पण अंधार कोळून प्यायलोय. तरी काल 'काळा गरुड' नावाच्या विनाशिकेनं परत बुडवलं. हा हलकट सादवाकासच असणार. खाणीत माझ्या हाताखाली होता, तेव्हापासून जळतो.
संकल्प : सूड घेईपर्यंत दाढी नाही.

दुपार
बुडलो. बॅटरी संपत आली म्हणून वर यावं लागलं, तर गरुड नेमका डोक्यावर. शुद्ध चीटिंग.

७ फेब्रुवारी
एक गोष्ट लक्षात आली. गेममध्ये मी स्वतःच्या नावानं उतरतो. लपायला मी काय चोर आहे? बाकीचे चॅटमध्ये सरळ 'केंझेबेकला ठोका' लिहितात. गरुड माझं नाव कधीच लिहीत नाही. 'ते खालचे आता वर येतील' एवढंच. म्हणजे नावाचाच धसका घेतलाय पठ्ठ्यानं! कुल्पाशला सांगितलं. म्हणाली, धसका घेतलेला माणूस रोज बुडवतो होय? बायकोला युद्धातलं काय कळतं.

९ फेब्रुवारी
आज दोनदा बुडलो. सून मात्र लाखात एक. आपल्यात सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. झानेरकेनं लग्नापासून एकदाही घेतलेलं नाही. पोस्टमनलासुद्धा 'आमच्या मोठ्यांचं टपाल' म्हणते. खाणीत लिफ्ट निघताना 'वर येतोऽऽय' अशी हाळी द्यायची सवय, ती पाणबुडीतही सुटत नाही. हाळी दिली की थोड्या वेळात ही चहा घेऊन हजर. वाडगा अर्धाच भरलेला, मानाच्या माणसाला देतात तसा. काठोकाठ दिला की समजावं, प्या आणि चालते व्हा. सादवाकासला आता तसाच देणार.

१२ फेब्रुवारी
सादवाकासला भर बाजारात गाठलं. सगळं तोंडावर फेकलं. तो म्हणे, "अहो केंझेबेक, माझा फोन अजून बटणांचा आहे!" दाखवलासुद्धा. लबाड. दुसरा घरी असणार. दाढी भयंकर खाजते.
गरुडाला जाहीर आव्हान दिलं. रविवारी, दोघंच. हरेल त्यानं जिंकणाऱ्याला महिनाभर रोज सकाळी स्वतःच्या हातानं चहा द्यायचा, मग तो कुठंही राहत असो. खाणवाल्याचा शब्द. उत्तर आलं, 'बरं दिसणार नाही ते.' टरकला! मी लिहिलं, 'बापानं पळायलाच शिकवलं का?' बऱ्याच वेळानं आलं : 'ठीक आहे.'

१६ फेब्रुवारी, रविवार
योजना पक्की. तळाशी दबा धरायचा, मागून टॉर्पेडो. गरुडाचं एक पीसही शिल्लक ठेवणार नाही. दाढीसाठी गरम पाणी ठेवायला सांगितलंय.

तासाभरानं
तळाशी दबा धरला. उत्तम धरला. बॅटरी संपली. हाळी दिली. वर आलो. बुडलो.
संतापून लिहिलं, 'सात पिढ्यांची नावं सांग, हलकटा!' पाठवलं. स्वयंपाकघरात मोबाइल वाजला. परत पाठवलं. परत वाजला.
झानेरके चहा घेऊन आली. मान खाली, कान लाल. म्हणाली, बाळ झोपलं की तेवढाच विरंगुळा. भिंतीतून हाळी ऐकू येते, मग हात आवरत नाही. मी आव्हानाला नकोच म्हणत होते, पण तुम्ही माझ्या बापाला बोललात. आत कुल्पाश एवढी हसली की बाळ उठलं. तिला पहिल्यापासून ठाऊक होतं.
दाढीचं पाणी निवून गेलं.

१७ फेब्रुवारी, सकाळ
शब्द म्हणजे शब्द. चहा मी केला. पण सूडही म्हणजे सूड. सुनेचा वाडगा काठोकाठ भरला आणि पुढ्यात ठेवला.
तिनं पाहिलं. अर्धा चहा माझ्या रिकाम्या वाडग्यात ओतला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं सरकवला. मग स्वतःचा घोट घेऊन हळूच म्हणाली, "मीठ घातलंत, बाबा?"
घातलं होतं. आता अर्धा मलाच प्यावा लागला.