ताटली रिकामी जाऊ नये म्हणून

इझमीर, बुधवार

आई,

मनातल्या मनात तुझा हात ओठांना लावला, कपाळाला टेकवला आणि मग लिहायला बसले.

मी बरी आहे. इथल्या आरोग्य केंद्रात बीपीवाल्या म्हाताऱ्या बायकांचे हात चोळायचं काम सध्या माझ्याकडे आहे. ऑलिव्हचं तेल लावून एकेक तळवा दहा मिनिटं दाबायचा. बीपी थोडं उतरतं, झोपही लागते म्हणतात.

काल मुनिरे आजींचं मात्र चढलेलं निघालं. विचारलं तर म्हणाल्या, "गोळ्या शेजारच्या हाजरला दिल्या. तिनं द्राक्षाच्या पानांत भात भरून केलेले ताटलीभर डोलमे पाठवले होते. घरात काही नव्हतं, ताटली रिकामी परत कशी पाठवू? आणि तुझे हात आहेत की, गोळ्या कशाला?"

मी म्हटलं, "आजी, माझे हात गोळ्यांच्या सोबतीला आहेत, त्यांच्या जागी नाहीत." मग हाजरकडून गोळ्या परत आणल्या. जाताना मलाही रिकाम्या हातानं जाववेना, दोन संत्री नेली.

तुझा गुडघा कसा आहे? मागे महिन्याच्या गोळ्या पाठवल्या, त्या पंधरा दिवसांत संपल्या म्हणालीस. कमी दिल्या म्हणून मी उगाच दुकानदाराला बोल लावला. खरं सांग, कुणाची ताटली होती? रागावणार नाही.

रोज बारा परक्या बायकांचे हात हातात घेते. ईदला घरी आले की तुझा हात कपाळाला लावून लगेच सोडणार नाही.

तोवर गोळ्या तूच घे. सोबत सुके अंजीर पाठवलेत, ताटलीत ते घाल.

तुझी,
गुल्पेरी