सात नंबरचं उजवं पाऊल

रवि. ८ सप्टें. १९८५
विद्यापीठाच्या टीमच्या कालच्या मॅचची फिल्म सकाळी साडेआठला आली. सीझनची पहिलीच. तळघर, प्रोजेक्टर, मी. क्लिकर हातात: पुढे, मागे, पुन्हा पुढे. एक प्ले, म्हणजे एक डाव, की फॉर्मवर एक ओळ. ओळीत अकरा रकाने. मग सगळं टर्मिनलवर टाइप करायचं. मेकॅनिकलच्या पीएचडीवाल्या मुलीला याचे पैसे मिळतात, तक्रार नाही.

कोच हार्लन बुधवारीच बजावून गेले: "रकान्यात बसेल तेवढंच. मत नको. मत द्यायचा पगार आम्ही सहाजण घेतो." बरं.

सात नंबर. डॅरल. वय १९. अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक, म्हणजे प्रत्येक प्ले याच्या हातून सुरू. चेंडू फेकायचा, दुसऱ्याला द्यायचा, की स्वतःच घेऊन पळायचं. हा पळतो. फेकतो बेताचाच. पण पळताना –
(रकाना नाही.)

मंगळ. १० सप्टें.
दुकानातली कॅश-काउंटरवरची बाई: "तू त्या फिल्मरूममध्ये असतेस ना? या वर्षी तो नेणार बघ आपल्याला!" कुठे, ते नाही सांगितलं. दूध, पाव, कांदे. सलूनच्या काचेवर ७. बँकेच्या दारावर ७. पिझ्झाच्या खोक्यावरही. अजून एकच मॅच खेळलाय.

अण्णांचं पत्र. "ऑक्टोबरच्या क्वालिफायर परीक्षेचं फार मनावर घेऊ नकोस. झेपेल तेवढंच कर. नाही जमलं तर घर आहेच." दर पत्रात हे वाक्य असतं. मायेनं लिहितात, माहीत आहे. खाली आईच्या दोन ओळी: धाकट्या भावाचं, शेखरचं, बारावीचं वर्ष, घरात रेडिओ बंद, पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवलंय.

माझ्या बारावीला घरात आत्याचं बाळंतपण होतं. बोर्डात सोळावी आले तेव्हा अण्णा म्हणाले, "अरे वा!" आनंद होता. पण आधी आश्चर्य होतं. नीट पाहिलं होतं मी.

रवि. १५ सप्टें.
एक सापडलं.

चेंडू स्वतः घेऊन पळायचं ठरलेलं असलं, की प्ले सुरू व्हायच्या आधी सात नंबरचं उजवं पाऊल बाहेर वळतं. चवडा, थोडासाच. आधी वाटलं मला भास होतोय. पडद्यावर पट्टी धरून मोजलं. दोन मॅचमध्ये तो स्वतः पळाला २९ वेळा, त्यात पाऊल बाहेर २६ वेळा. बाकी सगळ्या प्लेमध्ये मिळून दोनदा. हा योगायोग नव्हे. समोरच्या टीमला हे कळलं तर तो निघायच्या आधीच त्यांचे लोक तिथे हजर.

फॉर्ममध्ये पावलाचा रकाना नाही. माझ्या वहीत घेतलं. पहिल्या पानावर वर तारीख, खाली प्ले आणि अंश. मराठीत, आकडेही मराठी. सवय.

रकान्याचं कारण खरं आहे, पण पुरेसं नाही. या गावात त्याच्याबद्दल सगळ्यांना सगळं माहीत असतं. आई शाळेत स्वयंपाक करते, आठवीत हात मोडला होता, ऑम्लेटवर केचप लागतो. हे एक फक्त मला माहीत आहे.

शनि. २१ सप्टें.
गोडबोले काकांकडे गणपती. बसला बुधवारीच, पण सगळ्यांना बोलावणं शनिवारचं. मॅच बाहेरगावी, म्हणून टीव्हीवर. काका भूलतज्ज्ञ आहेत, अठरा वर्षं अमेरिकेत. आरती हाफटाइमला ठेवलेली.

काकू: "देवाला ताटकळत ठेवलंय यांनी! मोदक वातड झाले."
काका: "अगं, वीस मिनिटं असतात. सगळ्या आरत्या बसतात."
बसल्या. मंत्रपुष्पांजली मात्र धावतच झाली, कारण अजय बेसमेंटच्या जिन्यावरून ओरडत होता, "डॅड! थर्ड क्वार्टर!" कुर्त्यावर ७ नंबरची जर्सी. सतरा वर्षांचा आहे.

काकांना देवनागरी दिसली की राहवत नाही. उदबत्तीचं पाकीट हातात घेऊन अख्खं मोठ्यानं वाचलं, कारखान्याच्या पत्त्यासकट. पॅकिंगची तारीखसुद्धा. कोणी ऐकत नव्हतं तरी.

मग मला: "काय, आमच्या डॅरलचा घोटा कसा आहे?" परीक्षेचं काकूंनी विचारलं. "तुझी कसलीशी परीक्षा आहे ना गं? होईल. आणि नाही झाली तरी काय, पुढेमागे लग्नाचं बघायचंच आहे."

अजय: "ताई, फिल्मरूममध्ये त्याला भेटता येईल? जस्ट फाइव्ह मिनिट्स. प्लीज?" बघते म्हटलं.

जिंकले. पाऊल टीव्हीवरही दिसतं, माहीत असलं तर. मोदक खाल्ला.

गुरु. ३ ऑक्टो.
सात नंबर स्वतः खाली आला. दुपारी, संत्रं सोलत. पडद्यावर दिसतो त्यापेक्षा बारीक. माझं नाव विचारलं, तिसऱ्या प्रयत्नात बरोबर म्हणाला. सालं खिशात ठेवली, माझ्या टेबलावर नाही.

मी विचारलं, एवढे लोक आशा लावून बसलेत, ओझं नाही वाटत? मला वाटलं होतं, हो म्हणेल. मग मला बरं वाटलं असतं.
"ओझं? मॅम, मला जाम आवडतं ते. कोणीतरी माझी वाट बघावी म्हणून मी आठ वर्षांचा असल्यापासून वाट बघतोय."
मॅम! पाच वर्षांनीच तर मोठी आहे.

जाताना पडद्याकडे बघत म्हणाला, "तू इतकं बघतेस. तुला काय दिसतं?"
या इमारतीत मला असं कोणी पहिल्यांदाच विचारलं.
मी: "कोचच्या अकरा रकान्यांत आहे तेच."

हेवा. शब्द लिहून ठेवते. बरोबर आहे का, नंतर तपासू.

रवि. १३ ऑक्टो.
काल हरले. फिल्म पाहिली. समोरच्यांचा ५५ नंबर पहिल्या क्वार्टरपासून खाली बघतोय. चेंडूकडे नाही, पावलाकडे. पाऊल बाहेर वळलं की हा आधीच त्या बाजूला निघतो. सात नंबर नऊ वेळा उताणा. प्ले ४३ नंतर बरगडी धरून उठला.

प्ले ४३ अकरा वेळा पाहिला.

खोटं लिहायचं नाही म्हणून: सुरुवातीला बरं वाटलं. पहिले सहा-सात प्ले. मग थांबलं. आणि मग राग आला तो ५५ नंबरचा. ते माझं होतं.

शुक्र. १८ ऑक्टो.
क्वालिफायर पास. लेखीत पहिली. माझे गाइड सर म्हणाले, "उत्तम, उत्तम," आणि त्याच दमात, "त्याच्या बरगडीचं काही ऐकलंस का गं खाली?"
अण्णांना लिहिलं. चार ओळी. "अरे वा" येईल.

रवि. २७ ऑक्टो.
आणखी दोन हरले. काल दुसऱ्या हाफला त्याला बसवलं, बदली खेळाडू आणला. स्टेडियममध्ये बदलीसाठी टाळ्या झाल्या. त्याच्यासमोर.

दुकानातली बाई: "उगाच डोक्यावर घेतलं होतं पोराला." दूध, पाव. सलूनवाल्यानं ७ काढलाय, काचेवर गोंदाचा आकार राहिलाय.

अजयचा फोन: "ताई, एव्हरीबडी म्हणतंय तो ओव्हररेटेड आहे. तू रोज बघतेस ना त्याला. इज इट ट्रू?"
मी म्हटलं, नाही. एवढंच. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज.

याचीच वाट बघत होते असं म्हणता येईल. पण त्याच्याकडून काढून घेतलेलं माझ्याकडे आलं नाही. असं काहीतरी गणित मनात असणार माझ्या. अपेक्षेला अक्षय्यतेचा नियम लागू नाही. इथून नाहीशी झाली की नाहीशीच.

मंगळ. ५ नोव्हें.
सांगितलं.

तो एकटाच आला होता, जुन्या फिल्म बघायला. संत्रं नाही. म्हणाला, "यांना आधीच कसं कळतं तेच मला कळत नाही. शनिवारी शेवटची संधी देतो म्हणालेत. दुसऱ्या हाफला." मी प्ले ४३ लावला, थांबवला, पडद्यावर पट्टी धरली. पाऊल दाखवलं. मग ५५ नंबरचे डोळे.

"पुन्हा."
पुन्हा लावला.
"पुन्हा."
उठून उभा राहिला, प्ले सुरू करायच्या पवित्र्यात. खाली पाहिलं. पाऊल बाहेर होतं. हसायलाच लागला. हसताना बरगडी धरली.

"कधी दिसलं तुला?"
मी: "रविवारी."
तारीख नाही सांगितली. रविवारच होता तो. सात आठवड्यांपूर्वीचा.
"थँक यू, मॅम. देवाशपथ." मग माझं नाव. पहिल्या प्रयत्नात बरोबर.

सोम. ११ नोव्हें.
शनिवारी दुसऱ्या हाफला त्याला आत घेतलं. पाऊल मुद्दाम बाहेर वळवायचा आणि चेंडू दुसऱ्याला देऊन टाकायचा. समोरचे चौघेचौघे चुकीच्या दिशेनं. जिंकले. सलूनच्या काचेवर आज ७ परत लागला, गोंदाच्या आकारावर नेमका बसला नाही.

त्यानं कोचना सांगितलं की हे मी शोधलं. नसतं सांगितलं तर कोणाला कळलं असतं? मी नसतं सांगितलं.

कोच हार्लन तळघरात आले, पहिल्यांदाच खुर्ची ओढून बसले. "बारावा रकाना टाक. तुला हवा तो. पुढच्या सीझनला तुझ्याकडून फार अपेक्षा आहेत आमच्या. आणि ती वही आण, झेरॉक्स काढू."
शब्दशः हेच मला हवं होतं. वही काढून टेबलावर ठेवली.

तो मागे उभा होता. वही उघडली त्यानं. "हा सारखा सारखा येतो तो मी का?" ७ वर बोट.
"हो."
"आणि हे सगळ्यात वर?"
"तारीख."
"ज्या दिवशी दिसलं ती?"
"हो."
पेन घेऊन मनगटाच्या पांढऱ्या टेपवर उतरवून घेतली. १५-९-८५. चित्र काढावं तशी, जीभ बाहेर काढून. "मला कोणीतरी नीट पाहिलं तो दिवस. आता रोज लिहिणार. लकी." नऊचा आकडा उलटा काढला होता. मी सुधारून दिला. का सुधारला? सवय.

त्याला वाटतंय ती गेल्या आठवड्यातली तारीख आहे.

गुरु. १४ नोव्हें.
काकांचा फोन. मीच ऑक्टोबरमध्ये कोचना विचारून ठेवलं होतं, परवानगी आली: उद्या साडेचारला काका आणि अजय फिल्मरूममध्ये. सात नंबर भेटेल. "अजय शाळेतून थेट माझ्या गाडीत बसणार. तुझी काकू चकल्या देतेय डॅरलसाठी. तिखट चालतं ना गं त्याला?"

टेप आजही मनगटावर. आज नऊ सुलटा.

काकांना 'वाचू नका' सांगणं म्हणजे श्वास घेऊ नका सांगणं. हात मिळवतील, टेप दिसेल, आनंदानं ओरडतील, "अरे, हे तर मराठी! पंधरा नऊ पंच्याऐंशी! सप्टेंबर!" सात नंबर सांगेल तो कसला दिवस ते, आणि अजय लगेच हिशोब करेल. त्याला सगळ्या मॅच तारखेनिशी पाठ आहेत. बरगडीची तर आहेच.

पान फाडता येईल. पण टेपचं काय. भेट कॅन्सल करता येईल. अजयला काय सांगू.

अण्णांचं पत्र आलं. "अरे वा" आहे. "घर आहेच" नाही. पाठपोट पाहिलं, आईच्या ओळींतही नाही. आहे ते एवढंच: "आता पुढचं नीट कर."

शुक्र. १५ नोव्हें. (फिल्मरूम)
चार वाजून पाच. त्याला सव्वाचारला बोलावलंय, काकांच्या आधी पंधरा मिनिटं. काय काम आहे ते सांगितलं नाही.

प्रोजेक्टर लावलाय. प्ले ४३ नाही. पंधरा सप्टेंबरला पाहिलेल्या रिळातला पहिला, ज्यात दिसलं तो. वही टेबलावर, पहिलं पान उघडं. वरच्या तारखेखाली तीच तारीख इंग्रजी आकड्यांत लिहिली आहे, यांच्या पद्धतीनं, महिना आधी. पेन्सिलनं.

काय बोलायचं ते तीनदा मनात मांडलं. पहिल्या वाक्यात कोचचे रकाने येतात. दुसऱ्यांदाही आले. तिसऱ्यांदा आले नाहीत, पण मग वाक्य फारच छोटं होतं.

तो विचारेल, का? ऑक्टोबरात मी विचारलं तेव्हासुद्धा का नाही? याचं उत्तर वहीत कुठेही नाही, इथे या डायरीतच आहे, तीन ऑक्टोबरच्या खाली. तपासू म्हटलं होतं. शब्द बरोबर होता.

चार बारा. खोडरबर उजव्या हाताशी आहे. बाजूला ठेवते. अजून हाताला लागतो.

जिन्यावर पावलं. दोन-दोन पायऱ्या गाळत. म्हणजे काका नाहीत.