पहिल्या भाषणाचा रिवाज

बेलफास्ट, मंगळवार

लाडक्या बाबांना,

मी धडधाकट आहे, जेवतेही. काल विधानसभेत माझं पहिलं भाषण झालं. इथे पहिल्या भाषणात कुणी मध्ये बोलत नाही, आणि आपणही गोडगोडच बोलायचं असतं. पहिला रिवाज त्यांनी पाळला, दुसरा मी साफ विसरले! आपल्या गावची अँब्युलन्स बंद करायला निघालेल्या मंत्र्यांना पाच मिनिटं धुतलं. बिचारे नुसते लाल होत बसले.

भाषण संपल्यावर बाहेर आमच्या युनियनिस्ट पक्षाचे नेते नॉर्मन ओरडले, "हेझल, डोकं फिरलंय का तुझं?" पण पिढ्यान्‌पिढ्या आपल्या विरोधात असलेल्या, समोरच्या नॅशनलिस्ट बाकावरचे मालाकी दारात हळूच म्हणाले, "पोरी, ती गाडी आमच्याही गावात येते. पुढच्या वेळी मी मध्ये बोलणार, तुझ्या बाजूने."

सोमवारी अँब्युलन्स बंद करायची की नाही यावर सभागृहात मतदान आहे. मी मागे हटणार नाही.

गाईंचं दूध आईच काढते ना? छातीत पुन्हा दुखलं तर लपवू नका, लगेच अँब्युलन्सला फोन करा. ती गाडी अजून आपलीच आहे.

तुमची वांड
हेझल