तांबूचं बाळसं

१ मार्च १९८२, सोमवार
रघुला लिहायला बसवलंय. गिरणी बंद, पोराचे हात रिकामे. माग नाही तर वही चालू दे. मला अक्षर येत नाही, म्हणजे ही रोजनिशी मी कधी वाचणार नाही. एकदम प्रायव्हेट.
तर, खालची कौसल्या गाय घेऊन मारुतीच्या देवळाशी बसायची. लोक तिच्याकडून गवताची पेंडी घेऊन गाईला घालायचे, पुण्य घेऊन कामाला जायचे. संपात ती नवऱ्याबरोबर गावाला गेली. कपिला गाय आणि तिचं कोवळं वासरू माझ्या ओटीत टाकून गेली. आता मी बसते. वासराला नाव ठेवलं तांबू. त्याला लावल्याशिवाय कपिला पान्हा सोडत नाही, आणि धाकट्या नातीचं दूध तिच्यावर. म्हणून तांबूची बडदास्त पहिली.
संप महिनाभरात मिटतो, रघु म्हणतो. तोवर तांबूला असा करते की कौसल्या ओळखणार नाही.

४ मार्च
तांबूला पोट सुटलं. मडक्यासारखं गोल. येणारी-जाणारी हात लावून बघतात. चाळीत बाप्यांची पोटं पाठीला लागली, एकट्या तांबूचं तेवढं वर आलंय. सगळ्यांना अभिमान.
रघु म्हणतो, आये, पोट मोठं पण बरगड्या दिसतात त्याच्या. म्हटलं, तुझ्या पण दिसतात, तुला कुणी नेला डॉक्टरकडे? लिहायचा थांबला. (हे पण लिही मेल्या.)
बाळसं आहे ते. चार पोरं वाढवली मी.

९ मार्च, होळी
यंदा पोळीत पुरण शोधावं लागलं. तरी प्रत्येक खोलीतून तांबूला तुकडा आला. त्याने पोळी हुंगली, सोडली, आणि देवळाच्या भिंतीचा चुना चाटला. मग माती खाल्ली.
शेवंती म्हणाली, आई, हे लक्षण बरं नाही. म्हटलं, सूनबाई, तू पण चुलीची माती खायचीस की. तर म्हणते, मला दिवस होते, हा गोऱ्हा आहे.
म्हणून मी तिच्यावर रागावले.

१३ मार्च
शेण पांढरं. शाडूच्या मातीसारखं, पातळ. वास असा की पुजाऱ्याने हात जोडून सांगितलं, आजी, जरा पलीकडे बांधा.
कारण समजलं. दृष्ट. पहिल्या मजल्यावरची सुंदराबाई परवा म्हणाली होती, काय गुटगुटीत गे! मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून जाळल्या. ठसका आला नाही. म्हणजे दृष्ट जबर.
सुंदराबाईशी बोलायचं नाही. उद्यापासून. आज मिरच्या तिच्याकडूनच आणल्या.

१७ मार्च, बुधवार
शेणातून जंत पडले. पांढरे, लांब, शेवयांसारखे. मला आनंद झाला. पडले म्हणजे गेले. दृष्टीसाठी गळ्यात काळा दोरा बांधला होता, त्याचा गुण.
शेवंती म्हणते, पडले ते दिसले, आत किती ते कोण बघणार? हिचं डोकं नको तिथे चालतं.
तरी माझा आडमुठेपणा नाही. परळला जनावरांच्या दवाखान्यात नेऊ. उद्या नको, गुरुवारी जनावर बाहेर काढू नये असं मला वाटतं. शुक्रवारी कपिलाला एकटं कसं सोडू? शनिवारी मारुतीला गर्दी. सोमवार पक्का.

२२ मार्च, सोमवार
निघालो. रघु पुढे, मी मागे, तांबू मध्ये, चार पावलं चालून बसत. नाक्यावर मोर्चा आडवा आला. रघुच्या खात्यातला दौलत त्यात. तो ओरडला, रघ्या, ये रे! रघु गेला. तांबूचा दोर रघुच्या हातात, म्हणून तांबू गेला. दोर सोडवायला मी गेले. कुणीतरी तांबूच्या पाठीवर लाल झेंडा टाकला. कुणी गूळ-चणे चारले. एक पुढारी म्हणाला, बघा, मालकांनी मुक्या जनावराची काय दशा केली! टाळ्या पडल्या. मला बरं वाटलं. पोटाची दशा मालकांनी केली हे मला सुचलं नव्हतं.
दवाखान्याची वेळ गेली. परत आलो.

२३ मार्च
हातगाडीवर नेला. चालेना.
डॉक्टर तरुण. पोट दाबून म्हणाला, आजी, हे बाळसं नाही, जंत. आईच्या दुधातून येतात. जन्मल्यावर लगेच औषध द्यायचं. फार उशीर केलात. मी म्हटलं, हळू बोला डॉक्टर, तुमची आई ऐकेल. दुधातून कधी जंत येतात?
बाटली दिली. सगळं आजच, एकदम पाजा म्हणाला.
तो शिकलेला, पण तांबू केवढासा! निम्मं पाजलं. निम्मं फडताळात. अंगाला मानवलं तर देईन.

२६ मार्च, पाडवा
तांबू उभा राहिला! शेणात जंतांची वेटोळी. शेवंतीला बोलावून दाखवलं. निम्म्यात काम झालं की नाही? ती म्हणाली, आई, उरलेलं पण द्या. म्हटलं, सणाच्या दिवशी औषध? उद्या.

२९ मार्च
उद्या म्हटलं तो उद्या आलाच नाही. तांबू निजून आहे. कान गार. उरलेलं पाजलं, जबड्यातून बाहेर आलं. परत पाजलं, परत बाहेर. रघुने मान धरली, शेवंतीने तोंड उघडलं, मी बाटली. तीन माणसं, एक वासरू, आणि काही होईना. कपिला हंबरते. तिला कुणीतरी गप करा.
उद्याचं काही ठरवत नाही.

३० मार्च
तांबू पहाटे गेला. महापालिकेची गाडी नेऊन गेली.
शेवंती धारेला बसली. थेंब नाही. नातीला पेज पाजली.
तरी देवळाशी गाय घेऊन बसले. खोलीत बसून काय करू? एक नेहमीची बाई आली, गूळ लावलेली चपाती घेऊन. विचारलं, मावशी, वासरू कुठाय? माझ्या तोंडून गेलं, गावाला पाठवला. ती म्हणाली, बरं केलंत. आम्ही पण पोरं पाठवली. तिकडे पोटभर तरी मिळतं.
मी हो म्हटलं.
ती चपाती माझ्या हातात देऊन गेली. कपिलापुढे धरली. तिने तोंड फिरवलं. पुन्हा धरली, पुन्हा फिरवलं.
मग मीच खाल्ली.