मफलरवाल्याची साडेचार मिनिटं

४ मार्च, मंगळवार

मफलरवाला परत येतोय. मालक सकाळी सकाळी सांगत आले — शुक्रवारपासून, रोज दुपारचा खेळ. त्या पिक्चरवाल्याच्या पोरांचं तीस वर्षं कोर्टात भांडण चाललं, म्हणून टीव्हीवरसुद्धा कधी लागला नाही. आता मिटलं. नवीन कॉपी निघाली आहे, धुऊन पुसून. आमची जुनी रिळांची पेटी थोरल्या मालकांनी विकतच घेऊन ठेवली होती. थिएटर ओस पडलं की तीच लावायची, हॉल भरायचा. चार वर्षांमागे ती झिजून झिजून बंदच पडली.

मग मालक खरं बोलले. "मावशी, हा आठवडा भरला तर थिएटर राहील. नाहीतर एक तारखेपासून फरशीवाल्याला गोडाऊनला देऊन टाकतो."

मी म्हटलं, भरेल. पस्तीस वर्षं तिकिटं फाडतेय मी ह्या दारावर, आणि वर केबिनमध्ये आमचे हे मशीन चालवतायत. आम्हाला कळत नाही तर कुणाला कळणार?

ह्यांनी मात्र एवढंच विचारलं, "कॉपी पूर्ण आहे का?" पूर्ण नसेल तर काय अर्धी देतील? काहीतरीच.

५ मार्च, बुधवार

पोस्टर लागलं. समोरच्या न्हाव्याने दुकान सोडून शिडी धरली. उकाड्याने जीव चाललाय आणि तो गळ्यात काळा मफलर घालून उभा. म्हटलं, घाम पूस आधी.

मला ह्या लोकांचं कळतच नाही. सख्ख्या भावाने चोरटा माल आणला तर दारात उभं करणार नाहीत. आणि हा मफलरवाला पडद्यावर रात्रभर होडीतून सोनं उतरवतो, शिपायांना बनवतो, वर हसतो — तर शिट्ट्या! कस्टममधून रिटायर झालेले साहेब आहेत, तेसुद्धा पहिल्या खेळाचं तिकीट काढून गेले. तिसरी रांग, कडेची खुर्ची, कायमची. मी तोंडावर विचारलं, "साहेब, तुम्ही तर असल्यांना पकडायचात. लाज नाही वाटत?"

म्हणाले, "बाई, जन्मभर पकडले ते सगळे रडके निघाले. पहिली थोबाडीत बसायच्या आत बायकोचं नाव सांगायचे. हा एकच बघण्यासारखा. आणि हा सुटतो. कुणीतरी सुटलेला बघायला बरं वाटतं."

मी हसले. पण खोटं कशाला लिहू, मला पण तेवढंच आवडतं. माझा बाप होडीवर होता. मी सतरा वर्षांची असताना होडीसकट गेला तो आलाच नाही. सापडला पण नाही. त्याच महिन्यात मी इथे लागले. शेवटी मफलरवाल्याची होडी धुक्यात शिरते, तेव्हा मी दाराची कडी काढते. दर वेळी वाटतं, बाप पण असाच कुठल्या तरी काठाला लागला असेल. येडेपणा आहे. म्हणून तर कुणाला सांगत नाही.

६ मार्च, गुरुवार

ह्यांनी सकाळी नवीन कॉपी एकट्यानेच लावून बघितली. आता रीळ नाही, कॉम्प्युटर. बटण दाबलं की पिक्चर. खाली आले ते तोंड पाडून. जेवले नाहीत. दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा ताट ओढून घेतलं, तेव्हा बोलले.

"मरतो तो."

"कोण मरतो?"

"मफलरवाला. होडी धुक्यातून परत येते. धक्क्यावर गोळी लागते त्याला, पाण्यात पडतो. साडेचार मिनिटं आहेत अजून. पहिल्यापासून होती."

मला काही सुधरेना. म्हटलं, मग आमच्याकडे कसा सुटतो?

"मी कापली होती. रीळ कापलं, होडी धुक्यात शिरते तिथे चिकटवून टाकलं. लोकांनी खुर्च्या मोडल्या असत्या."

पस्तीस वर्षं ह्या माणसाशी संसार — बरं, तेहतीस — आणि एवढी गोष्ट पोटात! लेकीच्या साखरपुड्यात जावई म्हणाला होता, आमच्या गावात तर तो मरतो. सगळे हसले त्याला. मी तर म्हटलं होतं, पिक्चर बघताना झोपला असाल. आता कुठल्या तोंडाने फोन करू?

मालकांना सांगितलं. मालक म्हणाले, "आता कापाकापी नको. लोकांना पूर्ण बघू दे, खूश होतील." मीच म्हटलं, बघा बरं का.

७ मार्च, शुक्रवार

हॉल गच्च. न्हावी, त्याचा म्हातारा, सगळी गल्ली. वाक्य पडद्यावर यायच्या आधी लोकांच्या तोंडात. होडी धुक्यात शिरली, सगळे उठले. मी कडीला हात घातला.

आणि होडी परत आली.

तो पडला पाण्यात. मफलर वर तरंगत राहिला. मी कडी काढलीच नाही. कुणी काढ पण म्हणालं नाही. दिवे लागले तरी लोक उभेच. मग मागून एक ओरडला, "भेसळ आहे!" की झालं — खोटी कॉपी, फसवणूक, पैसे परत द्या. न्हाव्याने मफलर काढून हातात धरला होता. कस्टमसाहेब सगळ्यात शेवटी बाहेर आले. म्हणाले, "बाई, हा आपला नाही." डोळे ओले होते. कस्टमच्या माणसाचे!

जेवण केलं नाही आज. ह्यांनी खिचडी टाकली.

८ मार्च, शनिवार

अर्धा हॉल रिकामा. मध्यंतराला फरशीवाला येऊन टेपने भिंत मोजत होता. मी म्हटलं, "पिक्चर चालू आहे, टेप बाहेर." गेला. पण मालकांनी त्याला चहा पाजला.

मी सरळ जिना चढून केबिनमध्ये. "अहो, बंद करा ते."

"काय बंद करू?"

"होडी धुक्यात शिरली की बंद. दिवे लावा. मी दार उघडते."

"मालक काय म्हणतील?"

"मालकांना मी बघते. तुमच्याने होत नसेल तर बाजूला व्हा, मी दाबते बटण. सांगा कुठलं."

बाजूला झाले नाहीत. माझ्याकडे बघत बसले — एवढं काय बघायचं?

होडी शिरली, धुकं दाटलं, दिवे लागले. मी दोन्ही दारं भिंतीला आपटली. उन्हात बाहेर पडले लोक, हसत. न्हावी येऊन गेला होता की काय कोण जाणे, तासाभरात सगळ्या बाजारात झालं — मफलरवाला सुटला.

९ मार्च, रविवार

रांग पार रस्त्यावर. मालक धावत आले. "मावशी, काय केलंत?" म्हटलं, मशीन शेवटी शेवटी गरम होतं. बंद करावं लागतं. मालकांनी रांगेकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "गरम होत असेल तर जपायलाच हवं."

कस्टमसाहेब दुसऱ्यांदा आले. जाताना म्हणाले, "कॉपीत दोष होता ना? दुरुस्त केलात, बरं झालं." साडेचार मिनिटं आम्ही त्यांच्या नाकासमोरून गायब केली आणि साहेब टाळ्या वाजवून गेले. घरी येईपर्यंत हसत होते मी.

१४ मार्च, शुक्रवार

दुसरा आठवडा लागला. फरशीवाल्याला मालकांनी दुसरी जागा बघायला सांगितली. जावयाला फोन केला. म्हटलं, तुमचं बरोबर होतं, पण इथे येऊन बोलू नका. खूप हसला. चांगला आहे पोरगा.

१६ मार्च, रविवार

केबिन झाडायला घेतली. जुन्या मशीनच्या मागे एक गोल डबा सापडला. आत रिळाचा तुकडा, नीट गुंडाळलेला. खिडकीसमोर धरला — पाणी, धक्का, पडणारा माणूस. झाकणावर ह्यांच्या अक्षरात चिठ्ठी. शाई उडालेली, हळूहळू वाचली. पिक्चर पहिल्यांदा लागला त्याच दिवसाची तारीख. खाली — 'पहिल्या खेळानंतर कापलं.'

तो दिवस मला पाठ आहे. माझा कामाचा पहिला दिवस. थोरल्या मालकांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, हिचा बाप होडीसकट गेलाय, हिला सांभाळून घ्या. पहिल्या खेळाला मला बाहेर तिकीट खिडकीवर बसवलं. खेळ सुटल्यावर हॉल मीच झाडला. एकही खुर्ची मोडली नव्हती. दुसऱ्या खेळापासून मला दारावर उभं केलं.

तेव्हा ह्यांची आणि माझी साधी ओळखही नव्हती.