डावीकडे बघणारी बाळं

शनिवार, १ नोव्हेंबर. सकाळ.

आजपासून रोजनिशी. मोठ्या कलावंतांच्या वह्या पुढच्या पिढीला उपयोगी पडतात. माझीही पडेल. सध्या मात्र कोणाला दाखवायची नाही. विशेषतः हिला.

संकल्प: रोज लिहिणे. गिऱ्हाइकांवर न चिडणे. हिच्यावर न चिडणे (हा सोमवारपासून).

वीस वर्षं स्टुडिओ चालवतोय, पण न हसता बाहेर पडलेलं बाळ एकही नाही. लोक रहस्य विचारतात. रहस्य कसलं? माझा आवाज, माझी नजर आणि व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव. हीसुद्धा असते तिथे. कॅमेऱ्याच्या डावीकडे खुळखुळा घेऊन उभी राहते आणि तोंडं वेडीवाकडी करते. तेवढाच तिला विरंगुळा.

माझ्या फोटोंचं वैशिष्ट्य म्हणजे प्रत्येक बाळ किंचित डावीकडे बघतं. शेजारच्या चष्मेवाल्याने एकदा विचारलं होतं की या गावच्या सगळ्याच पोरांच्या डोळ्यांत काही दोष आहे का. त्याला शैली म्हणजे काय ते कळत नाही. सरळ कॅमेऱ्यात बघणारं बाळ मी आजवर पाहिलेलं नाही. बाळं सरळ बघतच नाहीत, हा माझा वीस वर्षांचा निष्कर्ष आहे.

आज कॅमेऱ्यामागच्या स्क्रीनवर काळी चिकटपट्टी लावली. गिऱ्हाइकं 'दाखवा, दाखवा' करून डोकं खातात. रिळाच्या काळात आम्ही कुठे काय बघत होतो? ही म्हणाली, अहो, त्यावर सूचना येतात कधीकधी. म्हटलं, सूचना करणारं माणूस घरात एक आहे, तेवढं पुरे.

रविवार, २ नोव्हेंबर. रात्र.

आयुष्यातलं सर्वोत्तम काम आज झालं!

चार पिढ्या एका फोटोत. पणजी नव्वदीची, काठी झालेली, दोघांनी धरून आणली. तिची मुलगी म्हणजे आमच्या हेडबाई. शाळेतून रिटायर होऊन वर्षं झाली, तरी त्या दुकानात आल्या की मी आपोआप उभा राहतो. मग त्यांची मुलगी आणि तिच्या कडेवर ठमी, नऊ महिन्यांची, सदा लाळ गळणारी. पणजीचं बारा तारखेला पोटाचं ऑपरेशन आहे. या वयात डॉक्टर काही खात्री देत नाहीत. हेडबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या की त्याआधी हा एक फोटो हवा, तिची तेवढीच इच्छा आहे.

मी असे काही फोटो काढले की बस. ठमी खुदुखुदु हसली. पणजीने तिचं पाऊल मुठीत धरलं होतं. तो क्षण मी अचूक टिपला. निघताना पणजीने माझा हात धरला आणि विचारलं, मी दिसेन ना रे त्यात? मी म्हटलं, आजी, तुम्ही कायमच्या दिसाल.

हिने जेवताना विचारलं, फोटो बघितले का. म्हटलं, बघायचे काय, माझ्या डोळ्यांत आहेत. ती म्हणाली, एकदा बघून तर घ्या. मत्सर, दुसरं काय!

सोमवार, ३ नोव्हेंबर.

मुद्दाम बघितले नाहीत. रीळ धुवून येईपर्यंत थांबायची जी मजा होती, ती आजच्या पिढीला ठाऊक नाही. मोठी प्रिंट शोकेसमध्ये लावायची. तिथला जुळ्यांचा फोटो तसाही पिवळा पडलाय.

दुपारी ही मोठी पिशवी घेऊन कुठेतरी गेली. येते जरा, म्हणाली. तीन तासांनी आली. गाल लाल, स्वारी खुशीत. पिशवीतून खुळखुळ्याचा आवाज आला. बायका पर्समध्ये काय काय बाळगतील, नेम नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर. दुपार.

कॅमेऱ्यात कार्ड नाही.

संध्याकाळ.

कॅमेऱ्यात कार्ड नव्हतंच. रविवारी सकाळी ही कोणाचे तरी पासपोर्ट फोटो प्रिंट करत बसली होती. कार्ड कॉम्प्युटरलाच राहिलं. मी रिकाम्या कॅमेऱ्याने फोटो काढत सुटलो होतो. चिकटपट्टी उचलून बघितली. खाली लिहून येतं: कार्ड नाही. अगदी ठळक.

चिकटपट्टी परत दाबून बसवली.

शांतपणे विचार केला. चूक माझी नाही, हिची आहे. पण चूक हिची आहे हे सांगायचं, तर मुळात चूक झाली हे सांगावं लागेल. तेव्हा मोठ्या मनाने गप्प राहायचं ठरवलं.

हिने पुन्हा विचारलं, फोटो कसे आलेत. म्हटलं, एकापेक्षा एक.  ती म्हणाली, असं का. आणि भांडी घासायला गेली.

बुधवार, ५ नोव्हेंबर.

योजना तयार. हेडबाईंना म्हणायचं, आमच्यातर्फे दुसरं सिटिंग फुकट, खास आजींसाठी. कोणाला काही कळणार नाही. जुना कॅमेराही जोडीला ठेवावा म्हणून कपाट उघडलं, तर तो जागेवर नाही. हिने भावाला दिला असणार. विचारलं नाही. सध्या हिच्याशी कॅमेऱ्याच्या विषयावर बोलणं बरं नाही.

फोन केला. हेडबाईंच्या मुलीने घेतला. म्हणाली, पणजीला आता घराबाहेर हलवायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. पुढे काहीतरी म्हणत होती, फोटोबद्दल. तेवढ्यात मी फोन ठेवला.

आजपासून मागच्या बोळातून ये-जा. हेडबाईंचा जावई रोज सकाळी आमच्यासमोरूनच बस पकडतो. पुढचं शटर आता हीच उघडते. विचारलं तर सांगितलं, बोळात हवा चांगली असते. बोळात कचऱ्याचे डबे आहेत.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर.

भयंकर दिवस.

चष्मेवाला सकाळी मागे येऊन म्हणाला, शोकेसमधला फोटो काय आहे हो, आमची बायको बघून रडली. म्हटलं, ते जुळे असेच आहेत, सगळ्यांना रडवतात. तो म्हणाला, या एकदा दुकानात, नजर तपासून देतो.

अकरा वाजता पुढून हेडबाईंचा आवाज! सोबत मुलगी आणि ठमी. डार्करूमपर्यंत पोचायला वेळ नव्हता. बागेच्या पडद्यामागे शिरलो. (कारंजं आणि दोन मोर असलेला. जुना, पण दणकट.) भिंतीला पाठ लावून उभा. श्वाससुद्धा मोजून.

हेडबाई आणि ही बोलत होत्या. मधेच हसत होत्या. हेडबाईंचं ते हसणं उपरोधिक असणार, शाळेत असं हसून त्या वर्गाबाहेर काढायच्या. मग त्या मोठ्याने म्हणाल्या, सांगा हो त्यांना, आई आठवण काढते, म्हणते फोटोवाल्याला एकदा भेटायचंय.

मी पोट आत ओढून भिंतीला आणखी चिकटलो.

आणि तेवढ्यात ठमी रांगत आली. पडदा जमिनीपासून वीतभर वर आहे, हे मी विसरलो होतो. तिने माझा बूट पकडला. नाडी ओढली. सोडली. पुन्हा ओढली. आणि खदखदून हसायला लागली, इतकी की तिला उचकी लागली. मी निश्चल उभा. पलीकडे एकदम सगळं चिडीचूप झालं. मग दोघी-तिघी घाईघाईने रस्त्यावर निघून गेल्यासारखं वाटलं.

कोणाला काही कळलं नाही. थोडक्यात वाचलो.

रविवार, ९ नोव्हेंबर.

तंत्रज्ञान कशासाठी असतं? फोटो तयार करायचा! पणजीचा मागच्या वर्षीचा पासपोर्ट फोटो माझ्याकडे आहे. हेडबाई शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या ग्रुप फोटोतून उचलल्या. मुलगी तिच्या लग्नाच्या अल्बममधून. ठमीचा एकही फोटो नव्हता, म्हणून साधारण त्याच मापाचं दुसरं बाळ घेतलं. या वयात सगळी बाळं सारखीच.

दुपारपर्यंत जोडकाम पूर्ण. पणजी जरा कपाटाएवढी झाली आहे. हेडबाईंच्या हातात बक्षिसाचा कप तसाच राहिला. पण एकंदर परिणाम भव्य. हेडबाईंच्या फोनवर पाठवून दिला, खाली लिहिलं: सस्नेह.

त्यांनी बघितला.  मग एका ओळीचा मेसेज आला.

हे बाळ कोणाचं?

फोन बंद करून पिठाच्या डब्यामागे ठेवला.

मंगळवार, ११ नोव्हेंबर.

उद्या ऑपरेशन.

आता लपवाछपवी पुरे. सरळ जाऊन सांगायचं. काय बोलायचं ते कागदावर लिहिलं: आजी, तांत्रिक कारणांमुळे. ते खोडलं. आजी, हवामानामुळे. तेही खोडलं. आजी, माझ्याकडून. पुढे सुचेना. तेवढाच कागद खिशात घालून निघालो.

हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत गेलो. आत लोक डबे घेऊन जात होते. भेटायची वेळ संपली असणार, म्हणून परत फिरलो. साडेचार वाजले होते. फाटकावरच्या पाटीवर लिहिलं होतं, चार ते सहा.

मला भीती वाटते. तिने विचारलं होतं, मी दिसेन ना रे त्यात. आणि मी हो म्हटलं होतं. उद्या काही बरंवाईट झालं, तर ती कुठेच दिसणार नाही, आणि ते माझ्यामुळे.

जेवलो नाही. हिने दोनदा विचारलं, काही सांगायचंय का. म्हटलं, काही नाही, पोट बिघडलंय. ती म्हणाली, पोटच ना? आणि ताट झाकून ठेवलं.

बुधवार, १२ नोव्हेंबर.

सकाळपासून हातून काम झालं नाही. एका गिऱ्हाइकाचा पासपोर्ट फोटो डोळे मिटलेला काढला. तो म्हणाला, परत काढा. मी त्याला दोष दिला नाही. (संकल्प पाळला!)

तीन वाजता हिचा फोन वाजला. ती नुसतं हं, हं करत होती आणि मी प्रिंटरला धरून उभा होतो. मग ती म्हणाली, झालं ऑपरेशन, पणजी शुद्धीवर आली, पहिल्यांदा तिने चहा मागितला.

मी बागेच्या पडद्यामागे जाऊन थोडा वेळ थांबलो. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. धूळ फार असते तिथे.

गुरुवार, १३ नोव्हेंबर.

पणजी धोक्याबाहेर आहे म्हणजे घाई नाही. तरीही सांगणार. उद्या नक्की. आज गुरुवार, गुरुवारी लोक गडबडीत असतात.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर.

बोळ खणलाय. गटाराचं काम. पलीकडे जायला साधी फळीसुद्धा टाकलेली नाही. नाइलाजाने पुढून गेलो, मान खाली घालून. शटरपाशी दोन बायका काचेला नाक लावून वाटेतच उभ्या. सरका म्हणायला मान वर केली.

शोकेसमध्ये जुळे नाहीत.

तिथे पणजी आहे. तिच्या घरी, खिडकीशी, खाटेवर बसलेली. मांडीवर ठमी, पणजीच्या मुठीत तिचं पाऊल. मागे हेडबाई तोंड उघडून हसताहेत. मी त्यांना असं कधी पाहिलेलं नाही. शेजारी त्यांची मुलगी. आणि ठमी सरळ बघतेय. डावीकडे नाही, सरळ, अगदी माझ्या डोळ्यांत. खाली आमच्या स्टुडिओचा शिक्का.

उजव्या कोपऱ्यात जरा जास्त उजेड झालाय. एवढं सोडलं तर... पण कशाला सोडायचं? फोटो चांगला आहे. मला असा कधी जमलेला नाही.

आत गेलो. भिंतीवर वीस वर्षांची बाळं. एकेकाच्या नजरेच्या रेषेत बोट धरून चालत गेलो. प्रत्येक वेळी एकाच लादीवर येऊन पोचलो, कॅमेऱ्याच्या डावीकडच्या. ती लादी मधोमध झिजली आहे. इतर कुठली झिजलेली नाही.

ही मागे येऊन उभी होती. तिने सगळं सांगितलं. कार्ड कॉम्प्युटरला राहिलंय हे तिला रविवारी संध्याकाळीच दिसलं. तिने तेव्हाच हेडबाईंना फोन करून माफी मागितली, सोमवारी जुना कॅमेरा घेऊन त्यांच्या घरी गेली. ऑपरेशनला जाताना फोटो पणजीच्या उशाखाली होता. हेडबाईंनी त्या शुक्रवारी फोटो आवडला हे सांगायला फेरी मारली होती. पडद्याखालचे बूट सगळ्यांना दिसले. हसू आवरेना, म्हणून त्या रस्त्यावर पळाल्या.

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, रोज विचारत तर होते. वाटायचं, आज तरी सांगाल.

 

संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये गेलो, चार ते सहामध्ये. खिशातला कागद काढला नाही. पणजीला म्हटलं, आजी, माझा कॅमेरा रिकामा होता. ती म्हणाली, माहितेय रे, पण मी दिसतेय की नाही बघ.

शनिवार, १५ नोव्हेंबर.

चिकटपट्टी काढली. कॅमेरा हिच्याकडे. मी डावीकडच्या लादीवर, खुळखुळा घेऊन. व्यवस्था तात्पुरती आहे.

पहिलंच बाळ आलं, सात महिन्यांचं. मी खुळखुळा वाजवला, आवाज काढला, नजरेचा प्रभाव टाकला. त्याने माझ्याकडे बघितलं आणि भोकाड पसरलं. त्याचा मूड नव्हता. मी तोंड वेडंवाकडं केलं, तर ते श्वास कोंडून निळं पडायला लागलं.

ही म्हणाली, अहो, जरा पडद्यामागे जाता का?

गेलो. अपमान गिळून मोरांच्या मागे उभा राहिलो. बाहेर रडणं थांबलं. मग हळूच हिचा आवाज आला. म्हणाली, बूट तेवढे बाहेर दिसू द्या. आणि हलवत राहा.

हलवले. बाळ खिदळायला लागलं. दिवसभरात चार बाळं झाली, चारही हसली.

सगळी खाली बघताहेत.