टिळ्याची अडलेली लघवी

१९ फेब्रुवारी १९३७, शहापूर
आज परत तेच. शेजारच्या आप्पांनी गल्लीत मागाचा ताणा पसरलेला, खुंट्यांना उभं सूत ताणून. सुताला खळ लावून कुंचा फिरवत होते. आमच्या टिळ्यानं खुंटा हुंगला, पाय वर. सूत भिजलं. आप्पा पेटले. "कालेजात शिकलास न्हवं रं? मग कुत्र्याला शिकीव की! फुडच्या बारीला मुतणंच बंद करतो बघ त्याचं." गल्ली हसली. मी पण.
कुत्रं उगंच मुतत नाही. आधी हुंगतं, मग थेंबभर. दुसऱ्या कुत्र्याला निरोप. यावर गोष्ट लिहावी. छापणार कोण?

२७ फेब्रु.
टिळ्या भिंतीशी पाय उचलून नुसताच उभा. कण्हत होता. शेवटी दोन-चार थेंब. लालसर.
आप्पांचं ते बोलणं...

२८ फेब्रु.
पाळत ठेवली. आप्पा खळीत मोरचूद टाकतात, कीड लागू नये म्हणून. विषच ते. टिळ्याला चाटवलं असणार. आक्काला सांगितलं. "गप रं. आप्पा तसलं न्हाईत." थोरली बहीण माझी, पण बोलताना माझ्याकडं बघंना. का?

१ मार्च
तोंडावरच विचारलं. "काय घातलासा त्याला?"
आप्पा: "काठी मारली आसंल. घातलं काय न्हाई. मागाची आण."
मागाची आण विणकर खोटी घेत नाही म्हणतात. म्हणतात.

२ मार्च
टिळ्याला उचलून लष्कराच्या कँपात, जनावरांच्या डॉक्टरकडं. पोट दाबल्यावर लई कळवळला. मोरचुदाचं सांगितलं. "ओकला का? नाही? मग तसं वाटत नाही. खडा असावा. पाणी पितो का नीट?" मला काय ठाऊक! औषध दिलं. भरपूर पाणी पाजा म्हणाले. लघवी पार अडली तर जगणार नाही.
घरी आलो तर दारातली कुत्र्याची दगडी दोणी पालथी. आक्काकडं बघितलं. रडायलाच लागली. "ताणा आसला की मी पालथी घालतो. समद्या गल्लीत तसंच करत्यात. प्याला न्हाई तर मुतणार न्हाई, म्हटलं..."
आणि गल्लीत रोज कुणाचा ना कुणाचा ताणा असतोच.

३ मार्च
सकाळी दोणी काठोकाठ भरलेली. मी भरली नव्हती, आक्कानंही नाही. वास घेतला. ओतून टाकली, घागरीतलं पाणी घातलं. आप्पा ओट्यावरनं बघत होते. "वत, वत. इस्वास नगं ठेवूस. पर पाज त्याला."
खरंच काळजी, का मन खातंय? काठी पोटात बसली असंल तर?
टिळ्या थोडं प्याला. परसात लिंबाखाली जाऊन पाय उचलला. मी टक लावून. आक्का दारातनं, "झाली का रं?" आप्पाही कुंपणाशी आलेले. "आगं गप! तोंडं फिरवा तिकडं. ते लाजतंय."
तिघांनी पाठ फिरवली.
पायरीवर बसून हे लिहितोय. कान मागं. अजून काही ऐकू येईना.